सातबाऱ्याचा शोध का रेंगाळतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५-३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी हाती घेतली. शेताच्या प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर देऊन तो गावच्या नकाशावर बसवण्याची ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. जमिनींचे एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट आले, तरी जिल्हा, तालुका, गाव, गट, हिस्सा ही उतरंड टिकली. आता ती संगणकात आहे. सातबाऱ्यांच्या अशा संग्रहातला शोध रेंगाळला की जी कारणे सांगितली जातात, त्यांतली बरीच फसवी असतात.

गैरसमज १ : पायऱ्या जास्त, म्हणून वेळ जास्त.
वस्तुस्थिती : प्रत्येक पायरीवर १०० फांद्या धरल्या, तर चार पायऱ्यांत १० कोटी नोंदींपर्यंत पोहोचता येते. खरा त्रास एकाच फोल्डरमध्ये लाखो नोंदी कोंबल्याने होतो. काही प्रणाली अशा फोल्डरची अख्खी यादी एका दमात वाचतात आणि एक नोंद वाढली तरी ती सगळी पुन्हा लिहितात.

गैरसमज २ : मोठा सर्व्हर घेतला की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : समजा, बारामती तालुक्यातल्या ५०,००० नोंदी एकेक करून मागवल्या आणि प्रत्येक फेरीला २ मिलिसेकंद लागले, तर १०० सेकंद फेऱ्यांतच गेले. प्रोसेसर बदलून फेऱ्या कमी होत नाहीत. ५००च्या गठ्ठ्याने मागवल्यास १०० फेऱ्यांत काम होते. एका गठ्ठ्याचे काम झाले की मेमरी मोकळी करावी. सगळा तालुका एकदम मेमरीत ओढू नये.

गैरसमज ३ : गावाचे नाव टाकले की पुरे.
वस्तुस्थिती : पुणे जिल्ह्यातच एक कळंब इंदापुरात वालचंदनगरजवळ आहे, दुसरे आंबेगावात. नुसत्या नावावर शोधणारी प्रणाली सगळ्या फांद्या धुंडाळते आणि शेवटी ‘यातले कोणते?’ असे विचारते. तालुका आणि गावाचा संकेतांक दिला, तर ती थेट त्या फांदीवर जाते.

गैरसमज ४ : प्रत्येक रकान्याची सूची केली की वेग वाढतो.
वस्तुस्थिती : गाव नमुना ७ जमिनीनुसार लावलेला असतो, ८-अ खातेदारानुसार. एका खातेदाराची गावात कुठे कुठे जमीन आहे, हे ८-अ चटकन सांगतो. त्यासाठी गावातले सगळे सातबारे चाळावे लागत नाहीत. पण नमुना ६ मधला खरेदीचा फेरफार (हक्कबदलाची नोंद) मंजूर झाला, की ७ आणि ८-अ दोन्हींत बदल करावा लागतो. सूची वाढली की लिहिण्याचे काम वाढते. म्हणून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपुरत्याच सूची ठेवाव्यात.

गैरसमज ५ : कॅशे ठेवला की जुनाच उतारा मिळणार.
वस्तुस्थिती : साठवलेल्या प्रतीसोबत शेवटचा फेरफार क्रमांक ठेवता येतो. नवा फेरफार मंजूर होताच त्या गटाची प्रत काढून टाकावी आणि बदलली असेल तर गावाची साठवलेली बेरीजही. त्यासाठी सगळ्या जिल्ह्याचा कॅशे पुसण्याची गरज नसते.

तक्रार आली की आधी एकच आकडा काढावा : एका उताऱ्यासाठी प्रणालीने किती नोंदी उघडल्या? मार्ग माहीत असेल, तर हा आकडा पायऱ्यांच्या संख्येच्या आसपास हवा. तो हजारांत गेला, तर दोष मांडणीत किंवा शोधाच्या पद्धतीत आहे. नवा सर्व्हर त्या अनावश्यक नोंदी थोड्या लवकर उघडेल, इतकेच.