स्वमग्न मुलाची झोप: हट्ट नव्हे, अडचण

रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले असतात. घरातील मोठी माणसे पेंगुळलेली असतात. सहा वर्षांचे मूल मात्र अंथरुणावर उड्या मारीत असते किंवा दिव्याचे बटण चालू-बंद करीत उभे असते. स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेल्या मुलांच्या अनेक घरांत हे दृश्य महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे दिसते. स्वमग्न मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना, तर काही अभ्यासांनुसार ८० टक्क्यांपर्यंत मुलांना, झोप लागण्याची वा टिकण्याची अडचण असते. तरीही ‘लाडावून ठेवले आहे’ हाच शेरा आईवडिलांच्या वाट्याला येतो. हा शेरा चुकीचा तर आहेच, शिवाय त्यामुळे उपायांची दिशाही चुकते. मूल हट्टाने जागे आहे असे मानले, की रागावणे आणि धाक दाखवणे सुरू होते आणि झोप आणखी दूर जाते.

अंधार पडू लागला, की मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. काही स्वमग्न मुलांमध्ये या संप्रेरकाचे प्रमाण कमी असल्याचे संशोधनात आढळले आहे. याखेरीज संवेदनांचा प्रश्न असतो. इतरांच्या कानावरून सहज जाणारी पंख्याची करकर, सदऱ्याच्या मानेशी टोचणारी पट्टी, डास पळवणाऱ्या वडीचा वास, यांपैकी एखादी गोष्टही अशा मुलाला तासन्‌तास जागे ठेवू शकते. मुलाला बोलता येत नसेल, तर नेमके काय टोचते आहे हे कोणालाच कळत नाही. घरात अंथरुणे घातली जाऊ लागली, दूरचित्रवाणी संच बंद झाला, की आता झोपायचे हे बहुतेक मुले कोणी न सांगता ओळखतात. न बोललेले असे संकेत जुळवणे स्वमग्न मुलाला अवघड जाते.

म्हणूनच तज्ज्ञांचा भर झोपण्यापूर्वीच्या शेवटच्या तासावर असतो. दूध, दात घासणे, कपडे बदलणे, एक गोष्ट, दिवा बंद, असा चार-पाच पायऱ्यांचा क्रम ठरवावा आणि तो रोज तसाच पाळावा. क्रम तोंडी सांगण्यापेक्षा चित्रांतून दाखवणे अधिक उपयोगी पडते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात विकसित झालेल्या ‘टीच’ या पद्धतीमुळे अशी चित्रमय वेळापत्रके जगभर वापरात आली. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. मुलाच्या स्वतःच्या ब्रशचे, पेल्याचे आणि अंथरुणाचे छायाचित्र काढून जाड कागदावर चिकटवले तरी पुरते. एक काम झाले, की मुलाने ते चित्र काढून डब्यात टाकावे. शेवटचे चित्र डब्यात पडले, की दिवस संपला.

शब्दांचाही येथे विचार करावा लागतो. ‘झोप आता’ ही आज्ञा कोणालाच पाळता येत नाही, कारण झोप ठरवून लागत नाही. ‘अंथरुणावर पड’, ‘डोके उशीवर ठेव’ या सूचना मात्र पाळता येतात. बागुलबुवाचा धाक तर कटाक्षाने टाळावा. शब्दाचा अर्थ शब्दशः घेणारे मूल बागुलबुवाची खरोखरच वाट पाहत रात्रभर जागू शकते. परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अनेकदा घरी शाळेचीच भाषा बोलण्याचा सल्ला मिळतो. दोन भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलाचे नुकसान होत असल्याचे संशोधनात दिसलेले नाही. निजतानाचे शब्द मराठीत राहण्यास काहीच हरकत नाही.

या विषयावरील बहुतेक परदेशी मार्गदर्शक पुस्तिका मुलाला स्वतंत्र खोली आहे असे गृहीत धरतात. दोन खोल्यांच्या घरात, जेथे आजी मालिका पाहत असते आणि वडील रात्री दहाला कामावरून परततात, तेथे त्यातील निम्मा सल्ला गैरलागू ठरतो. अशा घरी खोलीऐवजी कोपरा ठरवावा. चादरीचा पडदा, मंद दिवा आणि नेहमीची उशी एवढ्यानेही जागेला ओळख येते. वडिलांच्या येण्याने मूल उत्तेजित होत असेल, तर तो भेटीचा क्षण चित्रांच्या क्रमातच बसवावा, म्हणजे तो अचानक येत नाही. आजीने थोपटणे काही मुलांना आवडते, काहींना मुळीच सोसत नाही. मूल हात झिडकारते ते त्वचेला होणाऱ्या त्रासामुळे, मायेच्या अभावामुळे नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे. काही मुलांना हलक्या थोपटण्यापेक्षा घट्ट कुशीत घेणे बरे वाटते.

मुलाने आईवडिलांजवळ झोपण्यात गैर काही नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी उद्भवते. प्रत्येक मूल रात्रीतून काही वेळा अर्धवट जागे होते. आई कुशीत घेऊन झोपवते आणि मग उठून जाते. दोन वाजता मूल कूस बदलते, तेव्हा झोपतानाचे जग बदललेले असते. म्हणून झोप लागताना जे असेल, तेच रात्रभर राहील अशी व्यवस्था हवी. आई जवळ झोपणार असेल तर ती रात्रभर तेथेच असावी. नसेल, तर काही आठवड्यांत तिने थोडे थोडे अंतर वाढवत न्यावे.

वेळेबाबतही एक युक्ती सांगितली जाते. साडेअकराला झोपणाऱ्या मुलाला साडेनऊलाच आडवे केले, तर दोन तास झगडण्यात जातात आणि अंथरूण म्हणजे भांडणाची जागा होऊन बसते. त्यापेक्षा आधी साडेअकराच्या सुमारासच निजवावे आणि झोप लवकर लागू लागली, की वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. सकाळी उठण्याची वेळ मात्र रविवारीही बदलू नये. मोबाइलचा पडदा किमान तासभर आधी दूर ठेवावा. त्याच्या प्रकाशाने मेलाटोनिन दबते. सणासुदीच्या काळात हे सारे कोलमडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांना मनाई असली, तरी वर्षातील काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, आणि मनाई असलेल्या रात्रीही सर्वत्र शांतता असतेच असे नाही.

एवढे करूनही झोप लागत नसेल, तर शरीराची तपासणी आवश्यक आहे. बद्धकोष्ठता, आम्लपित्त, वाढलेल्या टॉन्सिल्समुळे होणारी घोरण्याची तक्रार आणि अपस्मार यांमुळे झोपमोड होते. लोहाच्या कमतरतेमुळे पाय अस्वस्थ होऊन मूल रात्रभर तळमळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला, हे पाहता भारतात या तपासणीचे महत्त्व विशेष आहे.

वजनदार पांघरुणांची जाहिरात अलीकडे जोरात असते. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशा पांघरुणाने झोपेचा कालावधी वाढल्याचे दिसले नाही. मुलांना आणि पालकांना मात्र ते आवडले. घरची जाड गोधडी मुलाला आवडत असेल, तर तीही चालेल. मात्र ती त्याला स्वतः बाजूला सारता आली पाहिजे आणि तोंडावर येता कामा नये.

औषधाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. थकलेल्या पालकांनी सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या औषधाचा आधार घेणे समजण्यासारखे असले, तरी धोक्याचे आहे. अमेरिकेच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार आधी दिनक्रम व सवयींवर काम करावे, सहव्याधींवर उपचार करावेत आणि ते अपुरे पडल्यासच वैद्यकीय देखरेखीखाली मेलाटोनिनचा विचार करावा. चघळण्याच्या मेलाटोनिन गोळ्या परस्पर विकत आणणे टाळावे. २०२३ मध्ये अमेरिकेत तपासलेल्या अशा २५ उत्पादनांपैकी २२ उत्पादनांवरील मात्रेचा उल्लेख चुकीचा निघाला. काहींत तर लिहिल्याच्या तिपटीहून अधिक औषध होते.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद सोबत न्यावी: मूल किती वाजता आडवे झाले, केव्हा झोपले, किती वेळा उठले, दुपारी झोपले का, संध्याकाळी काय खाल्ले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात स्वमग्नतेचाही समावेश असून, जिल्हास्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी विनामूल्य होते. त्या नोंदवहीत आईची स्वतःची झोप किती झाली, हाही एक रकाना असावा.