कोर्ट फी नाही म्हणून हक्क सोडू नका



बांधाचा वाद, वाटणीचा वाद, नाहीतर जमिनीच्या मोबदल्याचा वाद. आपल्याकडे कोणत्या गावात नाही? १९८१ साली औरंगाबादला हायकोर्टाचे खंडपीठ आले आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्याची मुंबईची फेरी टळली. पण दावा लावायचा म्हटले की पहिली अडचण उभी राहते ती कोर्ट फीची. पदरी पैसा नाही म्हणून माणूस थांबतो आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. म्हणून ही माहिती.

कोर्ट फी दाव्याच्या मूल्यावर ठरते. महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा ३ लाख रुपये होती, ती २०१८ साली १० लाख झाली. हे आकडे ऐकून घाबरू नये. साऱ्याच्या जमिनीचा ताबा मागताना मूल्य बाजारभावाने नव्हे, साऱ्याच्या पटीने धरतात. आधी वकिलाकडून नेमका हिशेब करून घ्यावा.

तरीही ऐपत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३३ खाली अर्ज करता येतो. जुनी माणसे यालाच 'नादारीचा अर्ज' म्हणतात. फी भरण्यापुरते साधन अर्जदाराजवळ आहे का, हे कोर्ट पाहते. वादातली जमीन त्यात मोजत नाहीत. जप्तीतून सुटलेल्या वस्तूही मोजत नाहीत: शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे, शेतीपुरते बैल, बियाणे. आपल्या कारखान्याचा शेअरसुद्धा सभासदाच्या कर्जापोटी कोर्टाच्या जप्तीत येत नाही. मात्र बाकीची जमीन, बँकेतली शिल्लक, उसाचे येणे बिल हे धरले जाते.

अर्जासोबत सगळ्या मालमत्तेची किमतीसह यादी द्यावी लागते. त्यात काहीही लपवू नये. अर्ज शक्यतो स्वतः हजर राहून द्यावा. मग चौकशी होते. सरकारी वकिलाला आणि समोरच्या पक्षाला नोटीस जाते. अर्जाआधीच्या दोन महिन्यांत, गरीब दिसावे म्हणून कुणी जमीन मुलाच्या नावावर केली असेल, तर अर्ज फेटाळला जातो.

ही माफी म्हणजे फुकट नव्हे. दावा जिंकला तर सरकार फी वसूल करते आणि दाव्याच्या मालमत्तेवर तिचा पहिला बोजा राहतो. हरला तर फी भरण्याचा हुकूम होतो. पण अर्ज मंजूर झाला की दावा अर्जाच्या तारखेलाच लावला असे धरतात. मुदत वाचते, हाच मोठा फायदा. अर्ज नामंजूर झाला तरी कोर्ट फी भरायला वेळ देऊ शकते.

भगिनींना १९९४ च्या सरकारी अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक नात्यातून निघालेला मालमत्तेचा वाद यांत कोर्ट फी माफ आहे. भावाबहिणींची वाटणी त्यात बसते असे धरून चालू नये. आधी विचारून घ्यावे.

विचारायचे कुठे? जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो; इतरांना वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. आणि चालू दावा लोकअदालतीत मिटला, तर भरलेली फी परत मिळते.

भावकीतला वाद घरात मिटला तर उत्तमच. नाही मिटला, तर निदान कोर्ट फीपायी तरी मुदत घालवू नका.