बाहुबली की भल्लालदेव? आधी मोजपट्टी ठरवा

पीएच.डी.ची तयारी करणारे ज्युनिअर भेटले की एक प्रश्न हमखास येतो, "गाईड कसा निवडायचा? ज्यांचे पेपर जास्त, त्यांच्याकडेच जावं ना?" हल्ली मी उत्तराची सुरुवात 'बाहुबली'पासून करते. हसू नका, पुढे वाचा.

राजामौलींचा पहिला 'बाहुबली' (२०१५) आठवा. कालकेयांशी युद्ध आहे. राजमाता शिवगामीची अट अशी की जो कालकेयांच्या प्रमुखाला मारेल, तो माहिष्मतीचा राजा. ऐन युद्धात कालकेय माहिष्मतीच्याच पकडलेल्या प्रजेला ढाल म्हणून पुढे उभं करतात. भल्लालदेव थांबत नाही, आपल्याच माणसांना कापत पुढे जातो. बाहुबली आधी दोर फेकून लोकांना खाली पाडतो, त्यांना वाचवतो आणि मग हल्ला करतो. शेवटचा घाव मात्र भल्लालदेवाचा.

ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर भल्लालदेवानं टार्गेट पूर्ण केलं. बाहुबलीनं माणसं सांभाळली, पण अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

फक्त टार्गेट मोजलं की काय होतं?

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं उदाहरण घ्या. एकेका ग्राहकाच्या गळ्यात जास्तीत जास्त खाती आणि कार्डं मारायची, असा कर्मचाऱ्यांवर दबाव होता. आकडे छान दिसत होते. २०१६ मध्ये उघड झालं की ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली गेली होती. बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काही वर्षांत कामावरून काढलं होतं. म्हणजे टार्गेट वरून आलं आणि नोकऱ्या गेल्या त्या बहुतेक खालच्यांच्या.

पण शिवगामीचं तरी बरोबर होतं का?

शेवटी ती बाहुबलीला राजा करते, कारण त्यानं प्रजा वाचवली. थिएटरमध्ये आपण टाळ्या वाजवतो. पण संशोधक म्हणून बघा. अट एक सांगितली आणि निकाल दुसऱ्याच निकषावर लावला, तोही युद्ध संपल्यावर! प्रयोगाचे आकडे पाहून मग "आम्हाला खरं तर हेच मोजायचं होतं" असं लिहिलं, तर परीक्षक तुम्हाला सोडणार नाहीत. निकष चांगला होता, पण तो आधी सांगितला असता तर कदाचित भल्लालदेवानंही लगाम खेचला असता. म्हणून निकष आधी लिहून ठेवा. प्रयोगात आणि टीममध्येही.

बरं, योग्य गोष्ट मोजली तरी फसू शकतो

एमी एडमंडसन हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत असताना रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास करत होत्या. अंदाज साधा होता, चांगल्या टीममध्ये औषधं देताना कमी चुका होतील. आकडे उलटे आले! चांगल्या टीम्समध्ये चुका जास्त दिसत होत्या. त्यांनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा वेगळी शक्यता समोर आली. या टीम्समधली माणसं चुका जास्त करत नव्हती, तर न घाबरता सांगत होती. जिथे प्रमुखाची भीती होती, तिथे चुका दबून राहत होत्या. यातूनच पुढे 'मानसिक सुरक्षितता' या विषयावरचा त्यांचा १९९९ चा प्रसिद्ध पेपर आला.

हे मला पटायचं कारण घरचंच आहे. पहिल्या वर्षी माझं एक कॅलिब्रेशन चुकलं होतं. लक्षात आलं तरी तीन आठवडे मी गाईड मॅडमना सांगितलं नाही, वरून त्याच चुकीच्या रीडिंग्जवर आलेख काढत बसले. शेवटी रडवेली होऊन सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर एकच दिवस गेला असता." त्या रागावल्या नाहीत. भीती माझी मीच घेऊन आले होते, बहुधा आधी जिथे शिकले तिथून.

एक सावधगिरी

दोन राजांवरून नेतृत्वाचा सिद्धांत निघत नाही. एक तर नमुना दोनचा, त्यात कोण नायक हे लेखकानं आधीच ठरवलेलं. गोष्टीतून प्रश्न सुचतो, पुरावा मिळत नाही. तुमच्या प्रस्तावातही हा फरक विसरू नका.

तर गाईड निवडताना पेपर जरूर मोजा, पण त्या लॅबमधल्या सीनिअर्सना चहाला नेऊन दोन प्रश्न विचारा. "मागच्या वेळी प्रयोग फसला, तेव्हा सरांना किंवा मॅडमना कधी सांगितलंत?" आणि "मग काय झालं?" पहिल्याचं उत्तर "त्याच दिवशी" असेल, तर तिथे अर्ज करा. "आमच्याकडे प्रयोग फसतच नाहीत" असं ऐकू आलं, तर चहा संपवा आणि निघा.