कान मंद असले, तरी शाळेचे दार बंद का?

जयपूरच्या आदर्शनगरातले असो, नाहीतर पुण्या-नागपूरचे, असे घर कुठेही सापडेल. दीड वर्षाचे मूल मागून हाक मारली तर वळत नाही, पण जवळ भांडे आदळले की दचकते. त्यामुळे घरचे निर्धास्त असतात. आजी म्हणते, "याचा बापही उशिराच बोलला होता." बघता बघता मूल सहा वर्षांचे होते आणि शाळेत नाव घालायला गेले की ऐकावे लागते, "हा तर बोलतच नाही. याला विशेष शाळेत घाला." विशेष शाळा म्हणते, "आधी प्रमाणपत्र आणा." आईवडील मात्र दोन दारांच्या मध्ये उभे राहतात.

मोठा आवाज जाणवणे आणि बोलणे ऐकू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वेळीच कळले असते तर ही पाळी टळली असती.

पात्रता कशी ठरते?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणदोष असेल तर ती व्यक्ती कर्णबधिर, आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर ऐकण्यास कठीण जाणारी मानली जाते. साध्या गप्पांचा आवाज साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. अपंगत्व किमान ४० टक्के ठरले तर मुलाला कायद्यातील विशेष सवलती मिळतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते.

शाळा कोण निवडणार?

याच कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या अशा मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. हे शिक्षण जवळच्या शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, ही निवडही त्याचीच, म्हणजे अर्थातच पालकांची. तेव्हा मुख्याध्यापकांनी 'इथे जमणार नाही' म्हटले की मुकाट्याने परत फिरू नका. जयपूरमध्ये सेठ आनंदीलाल पोद्दार यांच्या नावाची सरकारी बधिर शाळा आहे. काही मुले अशा शाळेत खुलतात, तर काही श्रवणयंत्र लावून शेजारच्या मुलांबरोबर शिकतात. खुणांची भाषा शिकले तर मूल बोलणारच नाही, या भीतीला आधार नाही.

पन्नास डेसिबलवाल्याचे काय?

खरी ओढाताण या मुलाची होते. त्याला ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळणे कठीण, आणि वर्गात निम्मे शब्द निसटतात. मग 'लक्ष देत नाही' असा शिक्का बसतो. परंतु सर्वसमावेशक शिक्षण फक्त ४० टक्केवाल्यांसाठी नाही. पुढचा बाक, शिक्षकांनी तोंड मुलाकडे ठेवून बोलणे, फळ्यावर मुद्दे लिहून देणे, एवढ्यानेही खूप फरक पडतो. शिक्षकांना भेटून तपासणीचा अहवाल दाखवा. प्रमाणपत्र असलेल्या मुलांना केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ आणि तिसऱ्या भाषेतून सूटही मिळते.

सहाव्या वर्षाची वाट पाहू नका

मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो, भाषा मात्र पाळण्यातच सुरू होते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. बेरा चाचणी झोपलेल्या बाळावरही करता येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते. केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र कुटुंबातील लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते, पण तिथेही वयाची अट आहे आणि ती पाच वर्षांच्या आसपास संपते.

म्हणून 'उशिरा बोलेल' हे वाक्य कानावर पडले की आजीचा मान राखा, पण कानाच्या तपासणीची तारीखही ठरवा. तपासणीत काही निघाले नाही, तर चिंता मिटेल. निघाले, तर मुलाच्या हाती अजून वेळ असेल.