जादूगार समोर, बुफे शेजारी

१८५६ साली फ्रान्सच्या सरकारनं एका निवृत्त जादूगाराला अल्जीरियाला धाडलं. झाँ-युजेन रोबेर-उदँ हे त्याचं नाव. पुढं हुडिनीनं स्वतःचं नाव ठरवलं ते याच्याच नावावरून. अल्जीरियात तेव्हा मराबूत म्हणवणाऱ्या धर्मगुरूंचा आणि त्यांच्या चमत्कारांचा लोकांवर मोठा पगडा होता. त्यांच्यापेक्षा फ्रेंचांची जादू भारी आहे, हे रंगमंचावरून पटवायचं काम रोबेर-उदँकडं आलं. त्यानं एक लहानशी पेटी मांडली. ती कुणालाही सहज उचलता यायची, पण जादूगारानं ‘तुझी ताकद गेली’ म्हटलं की तिथला धिप्पाड गडीही तिला जागची हलवू शकत नसे. मंचाखाली विद्युतचुंबक होता. हा सगळा किस्सा त्यानं आत्मचरित्रात रंगवून सांगितला आहे, तेव्हा थोडं मीठमसाला वजा करूनच वाचावा. पण व्यवहार स्पष्ट दिसतो. खेळ जादूगाराचा, निरोप पैसे देणाऱ्याचा.

कंपन्यांच्या कार्यक्रमांत जादू दाखवणाऱ्यांचा धंदा आज याच व्यवहारावर चालतो. डीलर्स मीट, अ‍ॅन्युअल डे, फॅमिली डे, नव्या गाडीचं किंवा औषधाचं लाँचिंग, दिवाळी पार्टी, लोणावळ्याच्या रिसॉर्टवरची ऑफसाइट अशा ठिकाणची सुपारी मिळाली तर एका संध्याकाळचे पैसे नाट्यगृहातल्या कित्येक खेळांपेक्षा बरे असतात. त्यामुळं हे काम सोपं असावं, असा बाहेरच्यांचा समज होतो.

चाकणजवळच्या आंबेठाणात १९२४ साली जन्मलेले जादूगार रघुवीर, कोलकात्याचे पी. सी. सरकार, गुजरातचे के. लाल यांनी आयुष्य काढलं ते तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकासमोर. तो प्रेक्षक घरून ठरवून यायचा, पदरचे पैसे मोजायचा आणि दिवे मंद झाले की गप्प बसायचा. आपण फसवले जाणार आहोत हे त्याला मान्य असायचं, किंबहुना त्याचेच पैसे त्यानं दिलेले असायचे. रघुवीरांच्या जन्मगावाच्या आसपास आता वाहनांचे कारखाने उभे आहेत आणि त्यांच्या वार्षिक समारंभांना जादूगार बोलावले जातात. तिथं समोर बसलेल्यांपैकी एकानंही जादूगाराला निवडलेलं नसतं. निवडलेलं असतं एचआरनं किंवा इव्हेंट कंपनीनं. श्रोत्यांनी दिवसभर विक्रीच्या लक्ष्यांचे तक्ते पाहिलेले असतात, पाहुणे कुठल्या कुठल्या गावांहून आलेले असतात, आणि हॉलच्या कडेला पनीर टिक्क्याचा वास सुटलेला असतो. तेव्हा पहिला सामना तिकडच्या बुफेशी असतो.

या धंद्यातल्या अडचणी मोजायला बसलं तर पहिला मान हॉलचा. नाट्यगृहात सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात. हॉटेलच्या बँक्वेटमध्ये गोल टेबलं असतात, म्हणजे निम्म्या लोकांची पाठ मंचाकडं. काही टेबलं मंचाच्या दोन्ही बगलांना सरकवलेली असतात आणि नेमकी तीच जादूगाराच्या जिवावर उठतात. हातचलाखी एका ठरावीक कोनातूनच झाकली जाते. बाजूनं पाहणाऱ्याला तळहाताची मागची बाजू दिसली की खेळ तिथंच संपला. कंपनीचं बोधचिन्ह झळकवणारी एलईडी वॉलही तशीच. वक्त्याच्या मागं ती शोभून दिसते, पण जादूगाराच्या मागून येणारा तो प्रखर उजेड न दिसायला हव्यात अशा वस्तू दाखवतो. फॅमिली डेला पोरं सरळ मंचामागं जाऊन उभी राहतात. रिसॉर्टच्या हिरवळीवर कार्यक्रम असला तर वारा पत्ते उडवतो, दवानं ते एकमेकांना चिकटतात, आणि उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची वेळ आडवी येते.

मोठ्या हॉलमध्ये दोन बाजूंना पडदे लावून मंचावरचं थेट चित्र दाखवतात. नाणं शेवटच्या रांगेपर्यंत दिसावं म्हणून ही सोय. पण कॅमेरा चालवणाऱ्याला कुणी आधी सांगितलेलं नसतं की कुठल्या क्षणी कुठल्या हाताकडं पाहायचं नाही. तो बिचारा इमानेइतबारे नको त्या हातावर झूम करतो! म्हणून जाणते जादूगार साउंड चेकच्या वेळी आधी कॅमेरावाल्याला गाठतात, साहेबांना नंतर.

यामागं थोडं शास्त्रही आहे. गुस्ताव कून हे मानसशास्त्रज्ञ स्वतः जादूही करतात. एम. एफ. लँड यांच्यासह त्यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर फेकून झेलतो. तिसऱ्यांदा फेकल्याचं फक्त नाटक करतो, चेंडू हातातच राहतो. त्या वेळी त्याची नजर वर गेली, तर सुमारे दोनतृतीयांश लोकांना चेंडू वर जाऊन नाहीसा झाल्याचं ‘दिसलं’. नजर हातावरच राहिली, तर हेच प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास उतरलं. थोडक्यात, जादूगाराचे डोळे आणि चेहरा हीदेखील त्याची हत्यारं असतात. आता ज्या हॉलमध्ये लोक जादूगाराकडं पाहतच नाहीत, पडद्यावर त्याची फक्त बोटं पाहतात किंवा मोबाइल उभा धरून चित्रण करतात, तिथं यातलं निम्मं हत्यार बोथट झालेलं असतं.

मग वेळ. कार्यक्रमपत्रिकेवर ‘मॅजिक शो, ३० मिनिटं’ असं छापलेलं असतं. त्याआधी दीपप्रज्वलन, मग एमडींचं भाषण, मग पत्रिकेत नसलेलं भाषण, मग पंचवीस जणांना ट्रॉफ्या आणि प्रत्येकाबरोबर फोटो. जादूगार मंचावर येतो तेव्हा अँकर कानात सांगतो, ‘सर, बारा मिनिटांत आटपा, जेवण गार होतंय.’ गाण्याचं एक कडवं गाळता येतं. अर्ध्यात आलेली जादू गाळता येत नाही.

वेळ कापली गेली तर काय होऊ शकतं, याचा जगप्रसिद्ध दाखला पी. सी. सरकारांचाच आहे. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात त्यांनी एका मुलीला विजेच्या करवतीनं ‘कापलं’. ती उठेपर्यंतचा भाग दिसण्याआधीच निवेदक रिचर्ड डिम्बलबी यांनी कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. प्रेक्षकांना वाटलं, मुलगी मेली. बीबीसीचे फोन खणखणत राहिले, दुसऱ्या दिवशी बातम्या झाल्या, आणि लंडनमधल्या सरकारांच्या खेळांना चांगलीच प्रसिद्धी मिळाली. वेळ संपली हे निमित्त होतं की सरकारांनी ती मुद्दाम संपू दिली, यावर जादूगार मंडळी अजून गप्पा मारतात. कंपनीच्या कार्यक्रमात मात्र असा अर्धवट खेळ कुणाच्या पथ्यावर पडत नाही. म्हणून अनुभवी माणूस कार्यक्रमाची बांधणीच तुकड्यांत करतो. दर चार-पाच मिनिटांनी थांबता येईल आणि तरी खेळ पुरा वाटेल, अशी.

प्रेक्षकांतून कुणाला वर बोलवायचं, हा प्रश्न तर हॉलपेक्षाही नाजूक. नाट्यगृहात मंचावर आलेला माणूस नुसता प्रेक्षक असतो. इथं तो कुणाचा तरी वरिष्ठ किंवा कुणाच्या तरी हाताखालचा असतो. विभागप्रमुखांचा पत्ता चुकला म्हणून हशा पिकवला, तर हॉलमधले लोक आधी साहेबांच्या चेहऱ्याकडं बघतात आणि मगच हसायचं की नाही ते ठरवतात. उलट एखाद्या नवख्या ट्रेनीची खेचली तर तेच वाक्य निर्दयी वाटतं. बायकोवरचे, जाडेपणावरचे, ‘मॅडम, जरा जवळ या’ धाटणीचे जुने विनोद आता हद्दपार आहेत आणि ते गेले हे उत्तमच झालं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा कंपन्या गांभीर्यानं घेतात. कुणाच्या हाताला किंवा खांद्याला स्पर्श करण्याआधी विचारायचं, ही सवय जादूगारांनाही लावून घ्यावी लागली. बाई स्वतःच जादूगार असेल तर अडचण आणखी निराळी. तिला पाहून ‘जादूगार कधी येणार?’ असं विचारणारे भेटतात. ब्रिटनच्या ‘मॅजिक सर्कल’नं, म्हणजे १९०५ साली स्थापन झालेल्या नामांकित संस्थेनं, स्त्रियांना सदस्यत्व द्यायला १९९१ साल उजाडू दिलं होतं. हे लक्षात घेतलं तर त्या प्रश्नाचं मूळ किती जुनं आहे ते कळतं.

काही अडचणी काळानं आणल्या. प्रेक्षकाकडून नोट मागून घ्यायची, तिचा नंबर लिहून घ्यायचा, ती नाहीशी करून लिंबातून काढायची, हा हुकमी खेळ. २०१६च्या नोटबंदीत हजार-पाचशेच्या नोटांवर बेतलेली सामग्री एका रात्रीत बाद झाली. नंतर यूपीआय सगळीकडं रुळलं. आता भरल्या हॉलमध्ये ‘कुणाकडं पाचशेची नोट आहे का?’ विचारलं की लोक एकमेकांकडं बघतात. मनगटावर काट्यांच्या घड्याळाऐवजी स्मार्टवॉच असतं, त्यामुळं प्रेक्षकाच्या घड्याळाचे काटे फिरवायचा खेळही मावळला. त्याच्या जागी लोकांच्याच मोबाइलवर करायच्या जादू आल्या. पण त्याच मोबाइलवर खेळ संपायच्या आत रहस्याचा शोध घेणारा एक इंजिनिअर प्रत्येक टेबलावर बसलेला असतोच.

लाँचिंगचं काम सगळ्यात जोखमीचं. रिकाम्या पेटीतून सीईओ प्रकट व्हावेत किंवा पडदा पडताच नवी मोटारसायकल दिसावी, अशी कंपनीची फर्माईश असते. अशा पेट्या महिनोन्‌महिने सराव केलेल्या सडपातळ सहायकाच्या मापानं बांधलेल्या असतात. सीईओ ना त्या मापाचे असतात, ना सरावाला येतात. सकाळी अकराची तालीम ठरलेली असते. ते संध्याकाळी सहाला येतात, फोन कानाला लावून पेटीत शिरतात आणि विचारतात, ‘यात गुदमरायला नाही ना होणार?’ गोपनीयतेच्या करारावर इथं सह्या दोन्हीकडून होतात. जादूगारानं वस्तूबद्दल बोलायचं नाही आणि कंपनीनं पेटीबद्दल.

गेल्या काही वर्षांत मेंटॅलिझमला, म्हणजे मनातलं ओळखण्याच्या खेळांना, मोठी मागणी आली. कारण उघड आहे. सामान खिशात मावतं, कोनांचा त्रास कमी, आणि पडद्यावर प्रेक्षकाचा थक्क चेहरा छान दिसतो. पण इथं एक निसरडी जागा आहे. काही मंडळी याला देहबोलीचं किंवा अंतर्मनाचं शास्त्र म्हणून विकतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीत प्रशिक्षणवर्गही घेतात. करमणुकीत एवढी थाप चालते असं म्हणता येईल. मॅनेजरला ‘उमेदवाराचे डोळे पाहून खोटं ओळखा’ असं शिकवून पैसे घेणं मात्र करमणुकीत बसत नाही. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव चमत्कार करून दाखवले आणि लगेच त्यामागची युक्तीही सांगितली. जादूगारानं युक्ती सांगू नये, तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण ही युक्ती आहे, एवढं तरी त्यानं लपवू नये.

कबुतरं आणि ससे जवळपास गेलेच. खेळात प्राणी वापरायचे तर २००१च्या नियमांप्रमाणं नोंदणी लागते, आणि प्राण्याचा फोटो समाजमाध्यमावर गेला तर काय, ही धास्ती कंपन्यांना त्याहून मोठी. आगीच्या खेळांना हॉटेल नकार देतं, कारण छतावर धूर ओळखणारी यंत्रणा असते. भपकन पेट घेणारा कागद विमानातून नेता येत नाही, त्यामुळं गोव्याच्या डीलर्स मीटसाठी कार्यक्रम वेगळाच बांधावा लागतो.

पैशाची गोष्ट सगळेच दबक्या आवाजात करतात. कंपनी इव्हेंट एजन्सीला काम देते, ती दुसऱ्या एजन्सीला, ती कलाकाराला. प्रत्येक पायरीवर थोडं कापलं जातं आणि पैसे यायची पाळी आली की तीच साखळी उलटी मोजावी लागते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी सक्तीची. त्याखालच्या कलाकारालाही काही एजन्सी जीएसटीच्या बिलाशिवाय उभं करत नाहीत. २००६च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचं बंधन आहे आणि सेवा देणारेही त्यात मोडतात. पण कायद्याचं बोट दाखवलं तर पुढची सुपारी दुसऱ्याला जाईल, ही भीती त्या ४५ दिवसांपेक्षा मोठी ठरते. त्यामुळं शहाणी माणसं निम्मे पैसे आगाऊ घेतात आणि बाकीच्यांसाठी दर सोमवारी गोड आवाजात फोन करतात.

हे सगळं जमलं, हॉल हसला, साहेबांनी पाठ थोपटली, की पुढच्या वर्षीचं बोलावणं येतं आणि त्याबरोबर एक नवी अडचण. गायकाला लोक मागचंच गाणं पुन्हा म्हणायला लावतात. जादूगारानं मागचाच खेळ केला, तर पहिल्या मिनिटाला कुणीतरी ओरडतो, ‘हे माहितेय आम्हाला!’ नवा खेळ बसवायला महिने लागतात, सामान परदेशातून मागवलं तर खर्च वेगळा. म्हणून मुरलेले जादूगार एक वही ठेवतात. कंपनीचं नाव, तारीख, कुठले खेळ केले, कुणाला मंचावर बोलावलं, कुठला विनोद पडला. एजन्सीवाला ‘सर, यंदा काहीतरी नवीन’ म्हणाला की आधी ती वही उघडली जाते आणि दर त्यानंतर सांगितला जातो.