हृदयाला चटके

हृदयाच्या स्नायूला जागोजागी चटके द्यायचे, त्याचा थोडा भाग कायमचा मारून टाकायचा, आणि त्यानंतर तेच हृदय आधीपेक्षा जोमाने रक्त फेकू लागायचं. ऐकायला उफराटं वाटतं. पण एट्रियल फिब्रिलेशनच्या, डॉक्टरांच्या भाषेत ‘एएफ’च्या, काही रोग्यांत नेमकं हेच होतं.

हृदयाचे वरचे दोन कप्पे कर्णिका, खालचे दोन जवनिका. एएफमध्ये कर्णिकांत मिनिटाला ३५० ते ६०० विद्युतलहरी उठतात. आकुंचन उरतच नाही, नुसती थरथर. बुऱ्हाणपुरात यंत्रमागांच्या गल्लीत प्रत्येक माग आपल्याच तालात खडखडतो, तशी. तिथे निदान कापड तरी निघतं! जवनिका भरताना शेवटचा पाचवा हिस्सा किंवा थोडं अधिकच रक्त कर्णिकेच्या धक्क्याने येतं, ते बुडतं. मधली एव्ही नोड बहुतेक लहरी अडवते, तरी शंभर-दीडशे खाली पोचतात, त्याही वाटेल तशा. चांदनीसारख्या लहान गावात यंत्र हाताशी नसलं तरी मनगटावर दोन बोटं ठेवून शंका घेता येते: नाडीला धरच नसतो. निदान मात्र ईसीजीवरच पक्कं होतं.

ही थरथर सुरू कुठून होते? १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मिशेल ऐसागेर आणि सहकाऱ्यांनी ४५ रोग्यांत ठिणगीच्या जागा शोधल्या. त्यांतल्या ९४ टक्के फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरांत सापडल्या. हृदयाचा स्नायू बाहीसारखा या शिरांत थोडा आत शिरलेला असतो, आणि खोडी तिथून निघते. म्हणून जांघेतल्या शिरेतून बारीक तार वर न्यायची, दोन कर्णिकांमधला पडदा भेदून डावीकडे जायचं आणि शिरांच्या तोंडाभोवती चटक्यांचं कडं करायचं. मेलेल्या स्नायूतून वीज पुढे जात नाही. हेच अ‍ॅब्लेशन.

आता खरी नवलाची गोष्ट. २००४ मध्ये बोर्दोच्याच डॉक्टरांनी हृदय कमकुवत झालेल्या ५८ रोग्यांवर हा उपचार केला. टूडी एकोच्या रिपोर्टमध्ये ‘ईएफ’ म्हणून आकडा असतो, ज्याला घरोघरी ‘पंपिंग’ म्हणतात: डावी जवनिका दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकते. वर्षभरात तो सरासरी २१ अंकांनी वाढला. हात लागला कर्णिकेला, सुधारली जवनिका! एरवी समज असा की हृदय दुबळं म्हणून एएफ होतो. इथे काहींच्या बाबतीत गाडी उलटी निघाली. महिनोन् महिने बेताल धावून जवनिका दमली होती.

दमलेली कोणती आणि कायमची दुखावलेली कोणती, हे ओळखायचं कसं? ऑस्ट्रेलियात २०१७ च्या कॅमेरा-एमआरआय अभ्यासात दुसरं कारण न सापडलेले ६६ रोगी घेतले. सहा महिन्यांत अ‍ॅब्लेशन झालेल्यांचं पंपिंग १८ अंकांनी वाढलं, फक्त गोळ्यांनी वेग आवरलेल्यांचं ४ अंकांनी. एमआरआयमध्ये ज्यांच्या जवनिकेत व्रण दिसले नाहीत, ते अधिक सुधारले. २०१८ च्या कॅसल-एएफ अभ्यासात ३६३ रोगी होते; मृत्यू किंवा हृदय बिघडून पुन्हा अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण अ‍ॅब्लेशनच्या गटात २८.५ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ४४.६ टक्के. हे निवडक रोगी होते, हे विसरू नये.

आपल्याकडचं चित्र वेगळं. लहानपणीच्या संधिवाती तापाने डावी कर्णिका आणि जवनिका यांच्यामधली मायट्रल झडप आवळली गेलेले एएफचे रोगी भारतात खूप. त्यांना झडपेचा उपचार आधी लागतो. मुंबईत डॉ. अमित व्होरा आणि सहकाऱ्यांनी अशाच १४४ रोग्यांवरचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात अ‍ॅब्लेशन नव्हतं, औषधं आणि विजेचा झटका होता. पण ज्यांचा ताल परत येऊन टिकला, त्यांची चालण्याची ताकद वाढली. अरुंद झडपेतून रक्त उतरायला वेळ लागतो, आणि एएफ तोच वेळ खातो.

मग भरपूर चटके द्यावेत का? व्रण आकुंचन पावत नाही. कर्णिका जास्त भाजली तर ती ताठर होते. ताल परतल्यावरही ती काही आठवडे सुस्त असते, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किमान दोन महिने तरी चालूच ठेवतात. २०१५ च्या स्टार-एएफ २ अभ्यासात ५८९ रोगी होते, एएफ दीर्घकाळ टिकलेले. काहींना फक्त शिरांभोवतीचं कडं केलं, काहींना त्याशिवाय कर्णिकेत आणखी चटके दिले. जादा चटक्यांनी जादा फायदा काहीच झाला नाही.