बिनशब्दांच्या चालीवर नाव कुणाचं?

एकीकडे तपासायच्या पेपरांचा गठ्ठा, दुसरीकडे निवडायला घेतलेली मेथी आणि मधे जेवणाच्या टेबलावर की-बोर्डचा एकच सूर दाबून बसलेली मी! आमच्या सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या नि म्हणाल्या, "अगं, वाजवायचंच तर एखादं गाणं तरी वाजव. हे नुसतं ऊंऽ ऊंऽ काय चाललंय?"

"आई, हे गाणं नाही. याला शब्दच नाहीत."

"शब्द नाहीत? मग ऐकायचं काय?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्या घरांतून संगीत म्हणजे गाणं. अभंग, भावगीत, आरती, फार तर सिनेमातलं गाणं. नुसत्या सुरांना आपण 'मागे काहीतरी वाजतं' एवढंच समजतो. पण मैत्रिणींनो, सिनेमा बघताना आपला हात रुमालाकडे जातो तो दर वेळी संवादामुळेच जातो का? जरा आठवून बघा.

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (१९५५) तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. परगावी गेलेला हरिहर घरी येतो. लेक गेल्याचं त्याला ठाऊक नाही. हौसेने आणलेल्या एकेक वस्तू तो दाखवतो, दुर्गासाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो आणि इतका वेळ दगडासारखी उभी असलेली सर्बजया कोसळते. तिचा आक्रोश आपल्याला ऐकूच येत नाही! त्याच्या जागी वाजते तारशहनाई. नाव शहनाईचं असलं तरी हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य. त्यावर पटदीप रागातले वरचे सूर असे काही चिरत जातात की वाटतं, ही माऊली खरंच ओरडली असती तर एवढं लागलं नसतं. चित्रपटाचं संगीत पंडित रविशंकरांचं, हे सगळ्यांना माहीत. पण ती तारशहनाई वाजवणाऱ्यांचं नाव? ते होते दक्षिणामोहन टागोर. आपल्यातल्या कितीजणींनी हे नाव ऐकलं होतं? मीही ऐकलं नव्हतं. त्या नावाचा विचार मनात का आला, तेच आज सांगायचं आहे.

पेटीपासून की-बोर्डपर्यंत

मी काही मोठी गायिका नाही. माहेरी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या, मग बी. ए., मग लग्न. सांगलीला आल्यावर पेटी कपाटावर जाऊन बसली ती बसलीच. धाकटा शाळेत जायला लागला, मी अर्धवेळ शिकवायला लागले आणि पहिल्या पगारातून जुना, एकसष्ट पट्ट्यांचा की-बोर्ड घेतला. हे म्हणाले, "एवढी हौस आहे तर घे की. फक्त रात्री शेजारी तक्रार करणार नाहीत असं बघ."

त्यावर उपाय निघाला हेडफोनचा. की-बोर्डची वायर घरच्या संगणकाला जोडली की 'मिडी' नावाच्या पद्धतीने त्यांचा संवाद सुरू होतो. १९८३ पासून ही पद्धत जगभर चालते. गंमत अशी की, त्या वायरीतून आवाज जातच नाही. कुठली पट्टी, किती जोरात, किती वेळ दाबली, एवढीच नोंद जाते. मग तीच नोंद संगणकाकडून व्हायोलिनच्या आवाजात वाजवून घ्या, नाही तर बासरीच्या. चुकलेला सूर खडा वेचावा तसा उचलून टाकता येतो. सूर लिहून ठेवायला 'म्युझस्कोर' आणि ध्वनिमुद्रणाला 'ऑडॅसिटी' ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यामुळे सुरुवातीलाच खर्चात पडायचं कारण नाही.

खऱ्या वाद्याचा आवाज घ्यायचा तर खोली घुमता कामा नये. त्याला आमचा घरगुती उपाय म्हणजे गोधड्या! दोन बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टाकल्या की आवाज कसा स्वच्छ येतो. सकाळची वेळ मात्र टाळा. माझ्या एका अतिशय करुण तुकड्यात घंटागाडीचं गाणं कायमचं जाऊन बसलं आहे.

आणि वाद्यच हवं असंही नाही. आइसलंडच्या हिल्दुर गुद्नादोत्तिर या चेलोवादक बाईंनी 'चेर्नोबिल' मालिकेचं संगीत करताना लिथुआनियातल्या एका बंद पडलेल्या अणुवीज केंद्रात जाऊन तिथले आवाज टिपून आणले नि त्यांतूनच संगीत रचलं. 'जोकर' (२०१९) चित्रपटासाठी तर चित्रीकरणाआधी, नुसती पटकथा वाचून चेलोवर सूर शोधले. त्या संगीताला २०२० साली ऑस्कर मिळालं. हे वाचलं आणि मी आमच्या तांब्याच्या हंड्याच्या काठावर लाकडी उलथनं हलकेच आपटून पाहिलं. काय सुरेख नाद निघतो म्हणून सांगू!

चाळीस सेकंदांची गोष्ट

ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर आम्ही सांगलीकर विसरणं शक्य नाही. आमच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. पुढे गावातल्या एका संस्थेने पूरग्रस्त बायकांवर छोटा माहितीपट केला. त्यांच्यातले एकजण घरी आले नि म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाजवता म्हणे. मागे थोडं म्युझिक द्याल का? तुम्ही काय, घरीच असता!"

सकाळची शाळा, दोन मुलं, सासूबाईंचं पथ्यपाणी, आणि मी 'घरीच' असते! पण काम मनाजोगं होतं. मी हो म्हटलं.

त्यात एक प्रसंग होता. एक आजी पाणी ओसरल्यावर घरात येतात, ट्रंक उघडतात आणि चिखलाने माखलेला आपला लग्नातला शालू बाहेर काढतात. तोंडातून चकार शब्द नाही. चाळीस सेकंद.

पहिल्या रात्री मी त्यावर ढीगभर व्हायोलिनं ओतली. यांनी ऐकलं आणि हळूच म्हणाले, "आजी रडत नाहीयेत, तुझं संगीतच रडतंय." राग आला खरा, पण पटलं. भाजीत मीठ जास्त झालं की मूळची चव जाते, तसंच हे. प्रसंग दुःखाचा म्हणून सूरही रडका, असं करून चालत नाही. बघणाऱ्याला स्वतःचं रडायला जागा ठेवावी लागते.

मग नव्याने हिशेब मांडला. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली तर चाळीस सेकंदांच्या चाळीस मात्रा, म्हणजे झपतालाची चार आवर्तनं. पहिल्या आवर्तनात नुसता तानपुरा. (मिरज इथून हाकेच्या अंतरावर. तानपुरा मागायला लांब जावं लागलं नाही.) दुसऱ्यात पेटीचे चारच सूर: षड्ज, कोमल गंधार, रिषभ आणि खालचा निषाद. षड्जावर परत येऊन टेकायचं नाही, निषादावर अर्धवट सोडायचं. जीव तिथेच टांगून राहतो. तिसऱ्यात तेच सूर चेलोच्या आवाजात, खालच्या सप्तकात. आणि चौथ्यात, आजींचा हात शालूच्या जरीवरून फिरतो तिथे, काही नाही. तानपुरासुद्धा बंद. मुलं झोपल्यावर रात्री साडेदहा ते बारा, असे तेवीस दिवस लागले सगळ्या सात मिनिटांच्या संगीताला.

"तुझं नाव कुठंय गं?"

माहितीपट दाखवायच्या दिवशी सभागृह भरलं होतं. तो शालूचा प्रसंग आला आणि सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांचीही ट्रंक त्या पुरात गेली होती. त्या आवाज न करता रडत होत्या.

शेवटी नावं आली. कॅमेरा, संकलन, दिवे, वाहन, चहापान, सगळ्यांचे आभार. सासूबाई डोळे पुसत शेवटपर्यंत वाचत राहिल्या नि म्हणाल्या, "तुझं नाव कुठंय गं?"

नव्हतंच.

घरी आल्यावर हे म्हणाले, "जाऊ दे, आपण काय पैशांसाठी केलं का?" मीही रात्रभर स्वतःला तेच समजावत होते. पण पहाटे लक्षात आलं, मला पैशांचं वाईट वाटलेलं नव्हतं. स्वयंपाक, पाहुणचार, अभ्यास घेणं, यांतल्या कशावर आपलं नाव नसतं आणि त्याची तक्रारही नाही. पण ही एक गोष्ट मी माझ्या जिवातून काढली होती. तीही 'मागे काहीतरी वाजतं' म्हणून गेली!

बायकांच्या चालींवरच्या नावांचा इतिहास तसा जुनाच. बॉम्बे टॉकीजच्या सरस्वतीदेवी मूळच्या खुर्शीद होमजी. १९३५ साली पारशी मुलीने सिनेमात काम करण्याला त्यांच्या समाजातून विरोध झाला, म्हणून नाव बदलून संगीत द्यावं लागलं. लतादीदींनी 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं' या चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावाने, पण ती त्यांची स्वतःची निवड होती. नाव आपण होऊन झाकणं वेगळं, ते झाकावं लागणं वेगळं आणि कुणाच्या ध्यानातच न येणं आणखी वेगळं.

मग मी कायदा वाचला. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५७ वं कलम आहे. हक्क विकून टाकले तरी 'ही रचना माझी' असं म्हणण्याचा रचनाकाराचा अधिकार उरतोच. कॉपीराइटसाठी नोंदणीची सक्ती नाही, रचना झाली की तो आपोआप मिळतो आणि रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर, चित्रपटगृहाबाहेर संगीत वापरलं गेलं की त्याच्या मानधनातला समान वाटा रचनाकाराला सोडून देता येत नाही.

मी भांडले नाही. एक साधं पत्र लिहिलं, सोबत तारखांसकट माझ्या फायली जोडल्या. आठ दिवसांनी ते गृहस्थ घरी आले. "वहिनी, लक्षातच आलं नाही हो," म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, आणि दुखणं तेच होतं. नव्या प्रतीत नाव आलं.

तेव्हापासून नियम केला आहे. काम घ्यायच्या आधी दोन ओळींचं पत्र: काय करणार, कशासाठी वापरणार, नाव कसं घालणार. प्रत्येक तुकडा जपताना फाइलवर नाव आणि तारीख. आता काही रचना मी स्वतःच्या नावाने इंटरनेटवर प्रसिद्ध केल्या आहेत. मिळकतीचं विचाराल तर महिन्याचं दुधाचं बिलसुद्धा भागत नाही! तेव्हा कुणी घरखर्चाच्या आशेने यात पडू नये. पण कपाटावर पेटी असेल, तर ती आजच खाली काढा. एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा, रिकामं माहेर, लेकीची पाठवणी, काहीही. चार सूर शोधा. शब्दांची घाई करू नका.

परवा मी पुन्हा एकच सूर दाबून बसले होते. सासूबाई आल्या, शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि मेथीची जुडी स्वतःकडे घेतली. बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे बरं वाटतंय. नाव घातलंस का यावर?"